छप्पर बदलायचंय, पण खाली घर भरलेलं आहे. आधी काय आवरू?

वळचणीखालची:

नमस्कार मंडळी.

आमचं बैठं घर आहे, चार खोल्या आणि मागे पडवी. खोल्यांवर कौलं, पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे. नुसतं कौलांचं छप्पर १०० चौरस मीटरच्या आसपास भरेल. गेल्या पावसात मधल्या खोलीत बादल्या लावून लावून कंटाळलो, म्हणून यंदा शाकारून घेऊ म्हटलं. माणूस वर चढला आणि पाच मिनिटांत उतरून म्हणाला, "शाकारताय कशाला, वासे कुठे उरलेत?" त्याने वाशात स्क्रूड्रायव्हर खुपसून दाखवला, तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग शाबूत, आत सगळी वाळवी.

तर आता वासे, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या), कौलं सगळं उतरवायचं आणि लोखंडी सांगाडा करून वर रंगीत पत्रे घालायचे असं ठरलंय. मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे आठ दिवसांचं काम. "घरातलं काय काय हलवू?" असं विचारलं तर म्हणाले, "काही नको ताई, चादरी टाका की झालं." हे "की झालं" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. फरशी बसवतानाही हेच ऐकलं होतं, आणि पुढचे तीन महिने कपाटातून काढलेला प्रत्येक कपडा आधी अंगणात झटकावा लागला होता.

एका खोलीत प्लायवूडचं छत मारलेलं आहे, बाकी तिन्ही खोल्यांत मान वर केली की थेट कौलं दिसतात. दोन खोल्यांत एका बाजूला माळा. माळ्यावर काय आहे ते मला लग्नानंतरच्या एकवीस वर्षांत नीट कळलेलं नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना दमा. घर सोडून कुठेही जायला तयार नाहीत. मुलगा अभ्यासाला बसलेला. शिवाय एक मांजर.

कपाटं जागेवर ठेवून झाकली तर चालतात का? पंखे, वायरी, टीव्ही यांचं काय करायचं? घरात राहून हे काम करून घेता येतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं. "मिस्त्री चांगला बघा" एवढंच सांगू नका, तो बघून झाला.


निवांत:

इतका विचार करू नका. आम्ही पलंगावर आणि टीव्हीवर प्लॅस्टिक टाकलं होतं, दोन दिवसांत काम झालं, तिसऱ्या दिवशी झाडून-पुसून मोकळे. कामगारांच्या मध्ये मध्ये न जाणं हीच काय ती तयारी. शुभेच्छा!


गळका पन्हळ:

निवांतराव, तुमच्या घरी झाडून-पुसून कोण मोकळं झालं हे एकदा घरात विचारून बघा.

ताई, मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय. आमचंही कौलारू, आमचेही वासे गेलेले, आणि आम्हीही चादरीच टाकल्या होत्या. चादर धूळ अडवत नाही हो, चाळते. मोठे खडे वर राहतात आणि मैद्यासारखं बारीक ते सगळं खाली उतरतं. छप्पर बदलणं हे वरचं काम वाटतं खरं, पण ते निम्मं खालचं असतं, आणि ते मिस्त्रीच्या हिशेबात कुठेच नसतं. ते तुमचं.

सुरुवात माळ्यापासून करा, आणि ती किमान आठ दिवस आधी. आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी माळ्याला हात घातला. तिथे निघाले तीन वातीचे स्टोव्ह, एकालाही बर्नर नाही. वडिलांनी सुतळीने बांधलेल्या पावत्यांची चळत. पाळण्याच्या तीन दांड्या (चौथी आजतागायत सापडलेली नाही). आता यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं हा निर्णय रात्री अकरा वाजता, डोक्याला फडकं बांधून, नवराबायकोने करायचा नसतो. आमच्यात त्या पावत्यांवरून जे झालं ते सांगत बसत नाही. शेवटी सगळंच सामान कसंबसं अंगणात नेऊन रचलं आणि पहाटे दव पडून निम्मं भिजलं.

माळा आधी रिकामा करण्याचं दुसरंही एक कारण आहे. माळ्याच्या फळ्यांवर वर्षानुवर्षांचा थर असतो. वर हातोडा सुरू झाला की त्या हादऱ्याने तो थर फटीफटीतून खाली गळतो. म्हणजे कौलं हलण्याआधीच घर काळं.

ही धूळही साधी माती नव्हे. काजळी, जळमटं, उंदरांनी कुरतडलेला कापूस, वाळवीची माती, पाखरांची नाहीतर वटवाघळांची लेंडी आणि खापराची पूड. बोटांना तेलकट लागते. हिला कोरडा झाडू लावायचा नाही. सासूबाईंना दमा आहे म्हणून दोनदा सांगतो, कोरडा झाडू लावायचा नाही. झाडांवर फवारायचा छोटा पंप असतो ना, त्यात नुसतं पाणी भरा आणि आदल्या दिवशी खालून रिपा-वाशांवर हलका फवारा मारा. मग लांब काठीला ओलं फडकं बांधून जळमटं गुंडाळून काढा. आधी मेन स्विच बंद केलेला असू द्या. अर्धा दिवस जातो, पण पुढचे चार वाचतात.

आता कपाटं. ज्या खोलीचं छप्पर उघडणार तिथून जेवढं बाहेर निघेल तेवढं काढाच. जे हलत नाही ते खोलीच्या मधोमध आणा. आपली बुद्धी उलटं सांगते, सगळं भिंतीला सारून मध्ये जागा मोकळी करू. पण वाशांची टोकं भिंतीच्या माथ्यात बसवलेली असतात. ती उपसताना माथ्यावरच्या विटा, माती, गिलावा असं सगळं भिंतीला लागूनच कोसळतं. आमचं लाकडी कपाट भिंतीला होतं. त्याच्या माथ्यावर अर्धी वीट पडली, तो खड्डा अजून आहे आणि बायको पाहुण्यांना दाखवते.

मधोमध आणलेल्या सामानाला आधी प्लॅस्टिक. पार जमिनीपर्यंत, आणि कडेने रुंद चिकटपट्टी. त्याच्यावर जुनी गोधडी किंवा गादी. प्लॅस्टिक धूळ अडवतं आणि गोधडी मार खाते. नुसतं प्लॅस्टिक ठेवलं तर पहिल्याच खापराने फाटतं. फरशीवर मात्र प्लॅस्टिक नको, धूळ पडली की त्यावर पाय सटकतो आणि कामगार डोक्यावर ओझं घेऊन चालत असतात. पोती किंवा खोक्यांचे पुठ्ठे अंथरा.

भिंतीवरचं सगळं काढा. सगळं म्हणजे ज्या खोलीचं छप्पर उघडणार नाही तिथलंसुद्धा. हादरा पूर्ण घराला बसतो. आमचं लंबकाचं घड्याळ शेजारच्या खोलीत होतं, पहिल्या दिवशी पावणेअकराला पडलं. वेळ पक्की माहीत आहे कारण काटे तिथेच थांबले.

पंखे कशाला टांगलेत ते बघा. आमचे दोन्ही पंखे ज्या वाशाला होते तोच वासा काढायचा होता आणि हे लक्षात आलं तेव्हा मिस्त्री त्याच वाशावर बसून करवत चालवत होता. मी खालून ओरडतोय, वर करवतीचा आवाज, त्याला वाटलं मी पाणी विचारतोय.

राहता राहिली ताडपत्री. मिस्त्रीला पहिल्या दिवशीच विचारा, संध्याकाळी काम थांबल्यावर उघडा भाग कशाने झाकणार, आणि ताडपत्री दाखवायला सांगा. "आणतो" चालणार नाही, घडी समोर दिसली पाहिजे. एका दिवसात जेवढं बंद करता येईल तेवढंच उघडायचं हा करार करा. आधी मागचं पाखं (छपराची मागची उतरती बाजू), ते पूर्ण बंद झालं की पुढचं. आमच्याकडे उत्साहात दोन्ही पाखी एकदम उघडली आणि तिसऱ्या रात्री पाऊस आला. अवकाळीच.

ताडपत्री होती, बांधलेलीही होती, पण सपाट. रात्री दोनला मला जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. आधी टपटप चालू होतं, मग एकदम बंद. टॉर्च मारून बघतो तर माझ्या डोक्यावर ताडपत्रीला पोट आलेलं, गाभण म्हशीसारखं, आणि हळूहळू खाली येतंय. नंतर हिशेब केला. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, सरासरी दहा सेंटिमीटर खोल धरा. ६०० लिटर. म्हणजे ६०० किलो, दोन दोऱ्यांवर. मी शहाण्यासारखं काठीने मधोमध वर ढकलायला गेलो. पाणी कुठे जाणार? उशाकडून निघालं. तेव्हा ताडपत्रीला उतार हवा, मध्ये आढ्यासारखा उभा आधार देऊन दोन्हीकडे ढाळ, आणि कडा भिंतीच्या बाहेर किमान हातभर. बाहेर नाही गेली तर सगळं पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतं.

बाकी नंतर आठवेल तसं लिहितो.


ओळंबा:

पन्हळकाकांनी आतलं सगळं सांगितलंय, मी बांधकामावर असते म्हणून बाहेरचं सांगते. आधी सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी विचारलंच नाही. पडवीवरचे सिमेंटचे जुने पत्रे.

करड्या रंगाचे, नागमोडी, बोटाएवढे नाही पण चांगले जाड, असे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. नुसतं बघून कळत नाही, प्रयोगशाळेत तपासलं तरच कळतं. पत्रा अखंड आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात. फोडला, कापला, छिद्र पाडलं, घासला, की ते सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि आजार कळायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागू शकतात. त्यामुळेच "आम्ही आयुष्यभर फोडतोय, काही होत नाही" असं मिस्त्री सांगतात आणि त्यांना ते खरंही वाटतं.

कामाच्या आधी पत्रे पाण्याने भिजवायचे, पाण्यात थोडा द्रवसाबण घातला की ते मुरतं. जोराच्या धारेने नाही, हलक्या फवाऱ्याने. गंजलेले बोल्ट कापायचे, पत्रा कापायचा नाही. अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली द्यायचा, वरून टाकायचा नाही. खाली आल्यावर जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधायचा. पडलेले तुकडे ओले असतानाच हाताने वेचायचे, झाडू नाही आणि घरातला व्हॅक्युम क्लीनर तर अजिबात नाही, तो मागून सगळं हवेत सोडतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून उपयोग नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क लागतो. बऱ्याच ठिकाणी हे पत्रे उतरवायला परवाना असलेली माणसंच लागतात आणि ते टाकायचे कुठे याचेही नियम असतात, तुमच्याकडे काय आहे ते आधी विचारून घ्या. राहिलेले तुकडे कोंबड्यांच्या खुराड्यावर किंवा बागेच्या वाफ्याला लावू नका. लोक लावतात.

आणि त्या पत्र्यावर कोणी उभं राहायचं नाही. जुना सिमेंटचा पत्रा कडकडून मोडतो आणि माणूस सरळ खाली येतो. खालच्या आधारांवर फळ्या टेकवून त्यावरूनच चालायचं.

हा पडवीचा दिवस वेगळा ठेवा आणि त्या दिवशी सासूबाईंना घरात ठेवू नका. बाकीच्या दिवसांचं तुम्ही ठरवा, या दिवसाचं मी ठरवलंय.

आता कौलं. एक कौल अडीच किलो धरलं आणि चौरस मीटरला पंधरा, तर तुमच्या छपराची पावणेचार टनांची थप्पी अंगणात येणार. ती कुठे रचायची हे आधी खडूने आखून द्या. मिस्त्री जवळात जवळची सपाट जागा शोधतात, आणि अंगणातली जवळची सपाट जागा म्हणजे बहुतेक वेळा सेप्टिक टँकचं झाकण. गटाराच्या चेंबरवर नको, पाण्याच्या मीटरपुढे नको, भिंतीला टेकवूनही नको. आडवी नाही, उभी रचा, कमी फुटतात.

वजनाची दुसरी बाजू. अर्धा मिलीमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोच भरतो. म्हणजे वरचं ओझं जवळजवळ नाहीसं होतं. सगळे म्हणतात बरं झालं, भिंतींवरचा भार गेला. पण कौलारू छप्पर स्वतःच्या वजनाने बसलेलं असतं. पत्र्याचं छप्पर वारा उचलतो. सांगाडा भिंतीत खोलवर अडकवलाय का, की नुसता माथ्यावर ठेवून सिमेंट थापलंय, हे पत्रे चढायच्या आधी स्वतः बघा. नंतर ते झाकलं जातं. आणि बाहेर आलेल्या वळचणीला आधार जास्त लागतो, वारा तिथूनच शिरतो.

वायरींबद्दल. जुन्या घरात वायर वाशांवरून लाकडी पट्टीत गेलेली असते. तिचं वेष्टण इतकं वाळलेलं असतं की वाकवली की पापुद्रा निघतो. वायरमनला कामाच्या आधी बोलवा, कामानंतर नाही. उघडणाऱ्या खोल्यांची लाइन तोडून ठेवायची आणि एक तात्पुरता बोर्ड बंद खोलीत द्यायचा. कौलं आणि लाकूड होतं तोवर सोललेली वायर खपून जायची, आता वर अख्खं छप्पर लोखंडाचं येतंय. सांगाड्याला अर्थिंग आणि मीटरनंतर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाइन तोडणारा स्विच), हे दोन्ही करून घ्याच. खांबावरून येणारी वायर वळचणीजवळून आत येत असेल तर वीज कंपनीला आधी कळवा. लांब पत्रा वर चढवताना तो वाऱ्याने फिरतो.

भिंतींना तडे असतील तर आज फोटो काढा. तड्याच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. नंतर "हे आधीपासूनच होतं" असं कोणी म्हणालं की वाद पाच मिनिटांत मिटतो.


वळचणीखालची:

बाप रे. मी प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. आमचे "हे" ताडपत्रीच्या जागी पोट धरून हसले आणि ओळंबाताईंच्या पत्र्यांपाशी गप्प झाले. मागच्या वर्षी त्यातल्याच एका फुटक्या पत्र्याला ह्यांनी स्वतः ड्रिलने छिद्र पाडलं होतं.

मिस्त्रींना विचारलं. ताडपत्री दाखवली, दोन ठिकाणी ठिगळं आहेत, दुसरी आणतो म्हणाले. एका वेळी एकच पाखं मान्य. पडवीसाठी वेगळी माणसं शोधतोय. पंखे वाशालाच आहेत! काका, तुमचे उपकार.

सासूबाई मात्र ऐकत नाहीत. म्हणाल्या, "माझ्या डोक्यावरचं छप्पर मी नसताना काढणार?" यावर काय बोलायचं? आणि मांजराचं सांगा कोणीतरी.


पायरीवरची:

वळचणीखालची ताई, आमच्या आईने अगदी हेच म्हटलं होतं. आम्ही तिला समोरच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून दिली. घर सोडलं नाही आणि घरातही नाही. दिवसभर तिथून मिस्त्रीवर नजर. किती कौलं फुटली याचा हिशेब तिच्याकडे होता, ठेकेदाराकडे नव्हता. पण तिला दमा नव्हता. तुमच्याकडे धूळ उडत असताना ओटाही लांबचाच हवा, ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूचा. दम्याचा नेहमीचा पंप पिशवीत नको, त्यांच्या हातात द्या. डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.

दोन गोष्टी कोणी विचारत नाही. संडास-बाथरूमचं छप्पर कोणत्या दिवशी उघडणार? आमच्याकडे पहिल्याच दिवशी उघडलं आणि वर चार माणसं. आणि गॅसचा गीझर असेल तर त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप छपरातून जातो का ते बघा. काम चालू असताना तो निखळतो, वाकतो किंवा ताडपत्रीखाली दबतो. मग धूर आतच राहतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतसुद्धा नाही. काम संपून पाइप नीट बसेपर्यंत गीझर बंद.

मांजर पहिल्या दिवशी पळेल आणि रात्री परत येईल. फक्त संध्याकाळी छप्पर बंद करताना ते वर कुठे अडकलं नाही ना एवढं बघा. प्लायवूडचं छत म्हणालात ना, त्याच्यावर.


गळका पन्हळ:

पायरीवरच्या ताई, गीझरचं मला सुचलंच नव्हतं. बरोबर.

प्लायवूडच्या छताचं नाव निघालंच म्हणून सांगतो. ते आहे म्हणून ती खोली सुरक्षित असं समजू नका. त्याच्यावर पडलेला सगळा राडारोडा तिथेच साठतो आणि प्लायवूड वजन घ्यायला बनवलेलं नसतं. कामगार त्यावर पाय ठेवणार नाहीत हे रोज सकाळी सांगा. रोज, कारण रोज एक नवीन मुलगा असतो.

सासूबाईंचं बोलणं मला पटलं. त्यांना पहिलं कौल काढताना उभं करा, मग न्या. आमच्या आईच्या वेळी आम्ही ते केलं नाही.

काम संपल्यावरचं थोडं. प्लॅस्टिक त्याच दिवशी काढू नका. धूळ दोन-तीन दिवस बसत असते. आधी भिंती ओल्या फडक्याने वरून खाली पुसा, मग जमीन, आणि सगळ्यात शेवटी आवरणं आतल्या बाजूला दुमडत काढा. अंगणात मोठं चुंबक दोरीला बांधून फिरवा. मी जुन्या स्पीकरमधलं काढलं होतं. पहिल्या फेरीत ओंजळभर खिळे आणि पत्र्याच्या स्क्रूंचं लोखंडी भुस. हे भुस नवीन पत्र्यावरही पडलेलं असतं. ते तसंच राहिलं की पहिल्या दवाने गंजतं आणि नव्याकोऱ्या रंगावर तांबूस ठिपके. मिस्त्रीला उतरायच्या आधी मऊ झाडूने पत्रा झाडायला लावा.

छपराचं पाणी टाकीत घेत असाल तर पाइप कामाआधीच सोडवा आणि पहिले दोन-तीन पाऊस टाकीत जाऊ देऊ नका. आणि शेवटचा हप्ता पाणी मारून बघितल्याशिवाय देऊ नका. नळी घेऊन खालच्या कडेपासून सुरुवात करायची, एकेका जागी दहा मिनिटं, मग हळूहळू वर सरकायचं. एकदम आढ्यावर पाणी सोडलं तर गळतंय कळतं, पण कुठून ते कळत नाही. भिंत आणि पत्रा जिथे भेटतात तिथे जास्त वेळ द्या. आमचं तिथेच गळतंय, म्हणून तर हे टोपणनाव.


वळचणीखालची:

पाच आठवड्यांनी लिहितेय, राग मानू नका. काम झालं. आठ दिवसांचे तेरा झाले, त्यातले दोन पडवीच्या माणसांची वाट बघण्यात गेले. ती आली तेव्हा पंप, मास्क, प्लॅस्टिक घेऊन आली. शेजारचे विचारत होते, काय, रोगराई आली का.

माळ्यावरून काय निघालं त्याची वेगळी पोथी होईल. आमच्याकडेही पाळण्याची दांडी निघाली. एकच. काका, रंग हिरवा असेल तर कळवा.

सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. कपाटं मधोमध, प्लॅस्टिक, गोधडी, चिकटपट्टी. फक्त दोन कपाटं एकमेकांना तोंड करून चिकटवली आणि वरून बांधून टाकली, आणि संध्याकाळी लक्षात आलं की सासूबाईंची महिन्याची औषधं त्यातल्या एकात आहेत. रात्री साडेनऊला सगळं सोडलं. जो कोणी हे पुढे वाचेल त्याने बांधण्याआधी औषधं, चष्मे, चाव्या, चार्जर आणि मुलाचं प्रवेशपत्र बाहेर काढावं. हो, तेही आत होतं.

सासूबाईंनी पहिलं कौल उतरताना बघितलं. मिस्त्रींनी ते खाली आणून त्यांच्या हातात दिलं, मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते उलटं करून मागचा छाप बघितला, पदराने पुसलं आणि "ठेव" म्हणाल्या. मग गाडीत बसल्या. ते कौल आता तुळशीपाशी आहे.

पाणी मारून बघितलं, खालून वर. पन्हळीच्या एका जोडाला थेंब धरत होता, तो त्यांनी तिथल्या तिथे बंद केला. भिंतीच्या कडेला अजून तरी कोरडं आहे.

आता एकच विचारायचंय. पहिला पाऊस आला तेव्हा पत्र्यावर इतका आवाज झाला की समोरासमोर बसून बोलणं ऐकू येईना. आतून काही लावता येतं का? ओळंबाताई, आहात का?